सातच स्टाईल: मराठी पुस्तकासाठी रायटर हाताला येईल असं कसं लावून घ्यावं

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक आठवणींचं हस्तलिखित घेऊन माझ्याकडे आले. अर्धं वहीत होतं, अर्धं त्यांनी स्वतः लिबरऑफिसच्या रायटर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलेलं. सांगलीत गणपती पेठेत माझी अक्षरजुळणीची एक खोली आहे. तिथे मी त्यांना शेजारच्या मशीनवर बसवलं आणि म्हटलं, "सर, नवं प्रकरण सुरू करा, मी नुसती बघते." सरांनी प्रकरणाचं नाव लिहिलं आणि स्पेसबार दाबत दाबत ते मधोमध आणलं. मग अक्षर ठळक करायच्या 'बी'वर क्लिक केलं, आकार १४ वरून १८ केला आणि तीनदा एंटर मारला. मी म्हटलं, "सर, वर स्टाईलची यादी आहे, त्यातून घ्या ना." स्टाईल म्हणजे फॉण्ट, आकार, अंतर असं सगळं एका नावाखाली बांधून ठेवलेलं; नाव निवडलं की परिच्छेदाला सगळं एकदम लागतं. त्यांनी यादी उघडली. ॲड्रेसी, अपेंडिक्स, मार्जिनेलिया, लिस्ट १ स्टार्ट अशी शंभराहून जास्त नावं. चष्मा वर करून ते बराच वेळ खाली सरकत राहिले आणि म्हणाले, "ताई, यातलं माझं कुठलं?"

तो प्रश्न बरोबर होता. त्या यादीत त्यांचं काहीच नव्हतं. आठवणींच्या पुस्तकाला 'ॲड्रेसी' लागत नाही, आणि 'ओवी', 'पत्र', 'उतारा' ही नावं तिथे सापडत नाहीत. लोक स्टाईल वापरत नाहीत ते आळसामुळे, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. सरांच्या शेजारी बसल्यावर कळलं की यादी परक्याची असते, म्हणून ती कुणी वापरत नाही. ती आपली करून दिली की सत्तरीतला माणूससुद्धा अर्ध्या तासात तिच्यावर हात बसवतो. ती कशी करायची तेच इथे लिहिते आहे. मी रायटर वापरते, त्यामुळे मुख्य पद्धत त्याचीच सांगते. वर्डवाल्यांसाठी पुढे थोडं आहे.

कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी हस्तलिखित हातात घ्या आणि पेन्सिलीने समासात खुणा करा: हे प्रकरणाचं नाव, हे उपशीर्षक, हा साधा मजकूर, हा दुसऱ्याचा उतारा, ही कविता, हे पत्र, ही फोटोखालची ओळ. सरांच्या पुस्तकात बरोबर सात प्रकार निघाले. तुमच्या पुस्तकात आठ निघतील किंवा पाच. पण बारा निघाले, तर पुन्हा वाचा. 'आईचं पत्र' आणि 'मित्राचं पत्र' हे दोन प्रकार नव्हेत. मी पहिल्यांदा एका प्रबंधासाठी तेवीस स्टाईल केल्या होत्या. उताऱ्याच्याच चार होत्या: लांब, आखूड, संस्कृत, इंग्रजी. विद्यार्थिनीने त्यातल्या दोन वापरल्या आणि बाकी सगळं हाताने केलं. कुठली घ्यावी यावर थांबून विचार करावा लागला की माणूस यादी सोडून देतो आणि 'बी'कडे वळतो.

आता देवनागरीची खरी अडचण. बहुतेकजण इथेच अडकतात आणि स्टाईल चालतच नाही असं ठरवून मोकळे होतात. रायटर प्रत्येक स्टाईलमध्ये फॉण्ट तीन ठिकाणी ठेवतो: एक रोमन वगैरे लिप्यांसाठी, एक चिनी-जपानीसारख्यांसाठी आणि एक 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआऊट'साठी (थोडक्यात सीटीएल). देवनागरी या तिसऱ्यात येते. तुम्ही स्टाईल उघडून वरचा पहिला फॉण्ट बदलला, आकार १४ केला, ओके म्हटलं आणि पानावर काहीच हललं नाही, तर तुम्ही रोमन अक्षरांचा फॉण्ट बदललेला असतो. मजकुरातला एखादा इंग्रजी शब्द तेवढा मोठा झालेला दिसेल.

म्हणून सगळ्यात आधी टूल्समधून ऑप्शन्स उघडा. भाषांच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआऊट'समोर खूण करा आणि त्याची भाषा मराठी निवडा. मग त्याच ऑप्शन्समध्ये रायटरच्या खाली 'बेसिक फॉण्ट्स (सीटीएल)' असं एक पान दिसू लागतं. तिथे मूळ मजकूर, शीर्षक, यादी, चित्रओळ आणि सूची या पाचही जागी तुमचा मराठी फॉण्ट आणि आकार भरा. हे एकदा केलं की पुढचं निम्मं काम वाचतं. शीर्षकांच्या स्टाईल मूळ मजकुराचा फॉण्ट घेत नाहीत, स्वतःचा वेगळा धरून बसतात. ते माहीत नसेल तर मजकूर एका वळणाचा आणि मथळे भलत्याच वळणाचे दिसतात.

भाषा मराठी निवडा म्हटलं ते नुसतं शुद्धलेखन तपासणीसाठी नाही. तुमच्या मूळ स्टाईलच्या ('डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाईल', जिच्यावरून बाकीच्या निघतात) फॉण्टच्या पानावर कॉम्प्लेक्स विभागातही भाषेचा एक चौकोन असतो आणि तिथे बऱ्याचदा हिंदी येऊन बसलेलं असतं. काही युनिकोड (म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरांचे सारखेच संकेत वापरणाऱ्या) फॉण्टांत 'ल' आणि 'श' या अक्षरांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही रूपं भरलेली असतात. कुठलं दाखवायचं ते फॉण्ट मजकुराच्या भाषेवरून ठरवतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' प्रमाण ठरवले आहेत. एका बालकवितांच्या पुस्तकात निम्म्या पानांवर 'ल' दंडाचा आणि निम्म्या पानांवर पाकळीचा येत होता. आम्ही दोन दिवस फॉण्ट बदलून पाहिले. फॉण्ट सगळीकडे एकच होता. कवयित्रीच्या दोन वेगवेगळ्या मशीनवर मजकूर टाईप झाला होता आणि एका मशीनवर भाषा हिंदी होती. मुलं त्या पुस्तकावरून अक्षरं गिरवणार होती, म्हणून ही गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. मूळ स्टाईलमध्ये मराठी भाषा एकदा बसवली की खालच्या सगळ्या स्टाईल ती वारशाने घेतात.

याच्याशी जुळलेला आणखी एक फसवा प्रकार म्हणजे जुना मजकूर. श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांच्या काळातले, युनिकोड नसलेले फॉण्ट वापरून टाईप केलेल्या फाईली अजूनही येतात. डोळ्यांना ती देवनागरी दिसते, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त त्यांना मराठी चेहरा चढवलेला असतो. अशा मजकुरावर स्टाईलचा पहिला, म्हणजे रोमनचा फॉण्ट चालतो. एकाच फाईलमध्ये अर्धी प्रकरणं जुनी आणि अर्धी युनिकोडमध्ये असली, तर स्टाईल लावल्याबरोबर जुन्या भागाची अर्थहीन इंग्रजी अक्षरं होतात. घाबरू नका, लगेच अनडू करा. तो भाग आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी वाचून काढा आणि मगच स्टाईलला हात घाला. हा क्रम उलटा करू नका.

आता सात स्टाईल करायच्या. एफ११ दाबा, उजवीकडे स्टाईलची पट्टी उघडते. प्रकरण आणि उपशीर्षक यांच्यासाठी नव्या स्टाईल करू नका. रायटरच्या हेडिंग १ आणि हेडिंग २ याच घ्या, कारण अनुक्रमणिका आणि एफ५ने उघडणारा नॅव्हिगेटर त्यांच्यावरच चालतो. बाकीच्या पाच आपल्या करा आणि नावं मराठीत द्या: मजकूर, उतारा, कविता, पत्र, चित्रओळ. देवनागरी नावं रायटर विनातक्रार घेतो. रायटरची स्वतःची नावं स्क्रीनची भाषा बदलली की बदलतात; आपण दिलेलं नाव लेखकाच्या मशीनवर, माझ्या मशीनवर आणि प्रकाशकाकडेही 'उतारा'च राहतं. फोनवर "काका, तिथे उतारा लावा" म्हटलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

नावं ठरवताना लेखकाचाच शब्द घ्या. मी 'अवतरण' लिहिलं होतं. सर म्हणाले, "आम्ही उतारा म्हणतो." मी लगेच बदललं.

प्रत्येक स्टाईलच्या पहिल्या पानावर 'पुढची स्टाईल' आणि 'कुणाकडून वारसा' असे दोन चौकोन असतात. बहुतेकजण ते ओलांडून फॉण्टकडे जातात. मला विचाराल तर अख्ख्या रायटरमध्ये लेखकाचे सगळ्यात जास्त कष्ट वाचवणारे चौकोन हेच. मराठी पुस्तकात प्रकरणाचा पहिला परिच्छेद समासाला लागून सुरू होतो आणि पुढचे थोडे आत सरकून. म्हणून मी 'पहिला परिच्छेद' नावाची एक स्टाईल करते. तिचा वारसा 'मजकूर'कडून, फक्त पहिल्या ओळीचं सरकणं शून्य. मग हेडिंग १ ची पुढची स्टाईल 'पहिला परिच्छेद' आणि 'पहिला परिच्छेद'ची पुढची 'मजकूर' अशी लावून देते. लेखक प्रकरणाचं नाव लिहून एंटर मारतो, परिच्छेद आपोआप समासाला लागतो. तो संपवून एंटर मारला की पुढचा आपोआप आत सरकतो. ही आठवी स्टाईल लेखकाला कधी निवडावी लागत नाही, म्हणून मी ती सातांत धरत नाही. तळटिपेचंही तसंच, तळटीप घातली की तिची स्टाईल बरोबर येते.

कवितेला मात्र पुढची स्टाईल 'कविता'च ठेवा आणि लेखकाला एक गोष्ट दाखवून द्या: ओळ तोडायला शिफ्ट-एंटर, कडवं संपलं की नुसतं एंटर. दोन कडव्यांमधलं अंतर स्टाईलमध्येच 'खाली ८ पॉईंट' असं भरून ठेवा. मग अभंगाचे चार चरण एकत्र राहतात आणि कुणाला रिकामं एंटर मारावं लागत नाही. सरांच्या पुस्तकात त्यांच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, चाळीसेक. आधी प्रत्येक ओवीपुढे स्पेस मारून त्या आत ढकललेल्या होत्या, कुठे सहा स्पेस, कुठे नऊ. 'कविता' लावल्यावर सगळ्या एका रेषेत आल्या. सरांनी स्क्रीनवरून बोट फिरवत त्यातली एक मोठ्याने वाचली.

ओळींतल्या अंतराबद्दल माझं मत ठाम आहे. देवनागरीसाठी 'प्रपोर्शनल' नको, 'फिक्स्ड' घ्या. मजकुरात इंग्रजी शब्द आला की त्याचा फॉण्ट वेगळा असतो, त्याची उंची वेगळी असते आणि तेवढीच ओळ खालीवर होते. पानभर बघितलं की ओळी डोलताना दिसतात. १३ पॉईंटच्या अक्षराला मी १९ पॉईंट पक्कं अंतर देते, १४ ला २१. अंतर फार कमी केलं तर मात्रा कापल्या जातात. त्याची परीक्षा सोपी आहे. एका ओळीत 'राष्ट्रकूट' लिहा आणि त्याच्या बरोबर खाली येईल असं 'मूर्तींच्या' लिहा. वरच्या शब्दाचा खाली उतरलेला 'ट्र' आणि 'कू' खालच्या शब्दावरच्या वेलांटी, रफार, अनुस्वाराला टेकले नाहीत, तर अंतर पुरेसं आहे. हे कागदावर छापून बघा, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका.

तिरपी अक्षरं हा आणखी एक मुद्दा. बहुतेक देवनागरी फॉण्टांना खरं तिरपं वळण नसतं. सॉफ्टवेअर अक्षर नुसतं कलतं करतं आणि काने वाकलेले दिसतात. पुस्तकांची नावं, जोर द्यायचे शब्द यांच्यासाठी परिच्छेदाची नव्हे, अक्षरांची एक स्टाईल करा. मी तिला 'ठसा' म्हणते आणि ठळक ठेवते. पुढे प्रकाशक म्हणाला की ठळक नको, वेगळा फॉण्ट हवा, तर एका जागी बदललं की सगळीकडे होतं. ती बनवतानाही कॉम्प्लेक्स विभागातलंच 'बोल्ड' निवडायचं, हे विसरू नका.

स्टाईल झाल्या, आता पट्टी आटोपशीर करायची. त्यासाठी मी 'नमुना पान' करते. फाईलच्या पहिल्याच पानावर प्रत्येक स्टाईलची एकेक ओळ लिहिते आणि ती ओळ त्या स्टाईलमध्येच ठेवते. "हे प्रकरणाचं नाव, कंट्रोल-१." "हा साधा मजकूर, कंट्रोल-०." "हा उतारा, कंट्रोल-६." मग स्टाईलच्या पट्टीत सगळ्यात खाली जो चौकोन असतो, त्यातून 'अप्लाईड स्टाईल्स' निवडते. आता पट्टीत फाईलमध्ये वापरलेल्या स्टाईलच दिसतात. शंभराची यादी आठ-दहावर आली. हेडर, फूटर अशी एखादी नको असलेली दिसलीच, तर तिच्यावर उजवं क्लिक करून 'हाईड' म्हणा. हे पान लेखकासाठी मदतीचा कागदही होतं. सरांनी ते छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.

'शो प्रीव्ह्यूज'ची खूण असू द्यावी का, असं मला विचारतात. नावं मराठीत असतील तर असू द्या, कारण मग ती तुमच्या मराठी फॉण्टात, त्या त्या आकारात दिसतात आणि नजरेने ओळखता येतात. इंग्रजी नावांना मात्र रोमन फॉण्ट लागतो, त्यावरून मराठी मजकूर कसा दिसेल ते कळत नाही.

माऊस पकडताना ज्यांचा हात थरथरतो, त्यांच्यासाठी कळा लावून देणं फार गरजेचं आहे. कंट्रोल-१ आणि कंट्रोल-२ रायटरने हेडिंगना आधीच दिलेले असतात. बाकीच्यांसाठी टूल्समधून कस्टमाईझ, त्यात कीबोर्ड उघडा. खाली वर्गांच्या यादीत शेवटाकडे 'स्टाईल्स' असतं, ते उघडून 'पॅराग्राफ'मध्ये जा. तुमची मराठी नावं तिथे दिसतील. ज्या फाईलमध्ये त्या स्टाईल आहेत ती फाईल उघडी असताना हे करा, नाहीतर नावं सापडणार नाहीत. कंट्रोल-० 'मजकूर'ला, ६ उताऱ्याला, ७ कवितेला, ८ पत्राला, ९ चित्रओळीला असं मी ठरवून टाकलं आहे आणि प्रत्येक लेखकाला हेच देते. या कळा फाईलबरोबर जात नाहीत, त्या मशीनवर राहतात. म्हणून त्याच खिडकीतल्या 'सेव्ह'ने त्यांची वेगळी फाईल करून घ्या आणि लेखकाच्या मशीनवर 'लोड' करा. हे न केल्यामुळे मला एकदा मिरजेची खेप झाली आहे.

एका खुणेपासून मात्र लांब राहा. स्टाईलच्या पहिल्याच पानावर 'ऑटोअपडेट' लिहिलेलं असतं. ते चालू असेल तर एका परिच्छेदाला हाताने केलेला बदल त्या स्टाईलच्या सगळ्या परिच्छेदांना लागतो. एका काकूंनी त्यांच्या पाककृतींच्या पुस्तकात एकच परिच्छेद मधोमध घेतला आणि दोनशे पानांतली सगळी कृती मधोमध झाली. आपल्या हातून पुस्तक बिघडलं असं वाटून त्यांनी आठवडाभर फाईल उघडली नव्हती. ती खूण काढलेली असू द्या. मुद्दाम स्टाईल बदलायची असेल तेव्हा एक परिच्छेद मनासारखा करून घ्या आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ११ दाबा. तुम्ही सांगाल तेव्हाच, तुमच्या डोळ्यांसमोर स्टाईल बदलते. आकडे भरत बसण्यापेक्षा लेखकाला शेजारी बसवून असं केलेलं त्याला पटकन समजतं.

लेखक व्हॉट्सॲपवरून किंवा वेबवरून मजकूर आणून चिकटवणारच. त्याला एकच कळ शिकवा: कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही. मजकूर येतो, सोबतचा रंग आणि फॉण्ट मागे राहतात. आधीच कचरा येऊन बसला असेल, तर तेवढा परिच्छेद निवडून कंट्रोल-एम दाबा. अख्खं पुस्तक निवडून मात्र कंट्रोल-एम दाबू नका. लेखकाने विचार करून ठळक केलेला प्रत्येक शब्दही साधा होतो, आणि तीनशे पानांत ते शब्द परत शोधायला मूळ वहीच काढावी लागते.

कचरा कुठे आहे ते शोधायला आता चांगली सोय झाली आहे. रायटरच्या ७.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, स्टाईलच्या पट्टीखाली 'स्पॉटलाईट'ची खूण असते. ती लावली की प्रत्येक परिच्छेदाच्या समासात रंगीत चौकोन आणि आकडा येतो, जितक्या स्टाईल तितके रंग. परिच्छेदावर स्टाईलशिवाय हाताने काही केलेलं असेल, तर चौकोनात तिरप्या रेघा दिसतात. मी प्रूफ काढायच्या आधी अख्खी फाईल अशी एकदा खालपर्यंत सरकवून बघते. उताऱ्यांच्या रंगात मध्येच मजकुराचा रंग आला की चूक तिथेच सापडते. एखादा परिच्छेद का ऐकत नाही ते कळत नसेल, तर 'स्टाईल्स इन्स्पेक्टर' उघडा. तो ७.१ आवृत्तीत, २०२१ साली आला. कुठला गुण कुठल्या स्टाईलकडून आला आणि कुठला हाताने लावलेला आहे, ते तो ओळीओळीने दाखवतो.

वर्ड वापरत असाल तर रस्ता हाच आहे, दारं वेगळी. कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एस ने स्टाईलची पट्टी उघडते. खालच्या ऑप्शन्समध्ये 'इन यूज' निवडलं की तीही आटोपशीर होते. स्टाईल बदलताना 'मॉडिफाय', मग 'फॉरमॅट', मग 'फॉण्ट' असं आत जा आणि देवनागरीसाठी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा भाग भरा. त्याचाही आकार आणि ठळकपणा वेगळा असतो. 'ऑटोमॅटिकली अपडेट'ची खूण इथेही काढा. वर्डची एक गोष्ट मला जास्त आवडते: त्याच 'फॉरमॅट'मधून 'शॉर्टकट की' देता येते आणि ती टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नमुना फाईलमध्ये, साठवता येते. लेखकाच्या घरी जाऊन कळा पुन्हा लावाव्या लागत नाहीत.

सगळं मनासारखं झालं की रायटरच्या फाईल मेनूतून टेम्प्लेट म्हणून जतन करा. लेखकाला डॉक्युमेंट नव्हे, हे टेम्प्लेट द्या. त्यावर दोनदा क्लिक केलं की प्रत्येक वेळी नवी, बिननावाची फाईल उघडते, नमुना पानासकट. मूळ नमुना कुणाच्या हातून बिघडत नाही. मी दिवाळी अंकाच्या कामात सगळ्या लेखकांना ऑगस्टमध्येच हे टेम्प्लेट पाठवते. सगळे ते वापरत नाहीत, पण जे वापरतात त्यांचे लेख एका संध्याकाळी जुळून होतात.

शेवटी प्रकाशकाकडून बदल येतोच. सरांचं पुस्तक डेमी आकारात ठरलं होतं, तिसऱ्या प्रूफनंतर क्राऊन झालं. अक्षर १४ वरून १३ वर आणायचं, उतारे आणखी आत घ्यायचे. पूर्वी याला माझ्या दोन रात्री गेल्या असत्या. आता मी टेम्प्लेटमध्ये तेवढे बदल केले आणि सरांच्या फाईलमध्ये स्टाईलच्या पट्टीवरून 'लोड स्टाईल्स फ्रॉम टेम्प्लेट' उघडलं. 'ओव्हरराईट'समोर खूण केली आणि तो नमुना दिला. पानाचा आकारही बदलायचा होता, म्हणून 'पेज' ही खूणही केली. ३१२ पानं डोळ्यांसमोर नव्याने लागली. मग अनुक्रमणिकेवर उजवं क्लिक करून ती अपडेट केली, स्पॉटलाईट लावून सगळी पानं एकदा खाली सरकवली आणि पीडीएफ करायच्या आधी पहिलं नमुना पान काढून टाकलं. ते काढायचं राहून जातं, म्हणून मी त्या पानाच्या पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवते: छपाईला पाठवण्याआधी हे पान काढा.